नांगरापूर्वींचें अन्न

अन्नाच्या बाबतींत मनुष्य जितका जुन्याचा अभिमानी, तितकाच नव्याचा हौशी असतो. गेल्या कांहीं वर्षांत पाश्चात्य देशांतून एक नवी आहारपद्धति आपल्या शहरांत आली आहे, आणि तिची मौज अशी कीं, ती स्वतःला जगांतील सर्वांत जुनी म्हणवून घेते. तिचें नांव 'पॅलिओ', म्हणजे अश्मयुगीन. शेतीचा शोध लागण्यापूर्वीं मनुष्य जें खात असे, तेंच त्याच्या शरीरास मानवतें. सबब धान्य, कडधान्य, दूध, साखर आणि कारखान्यांत तयार झालेलें सर्व कांहीं वर्ज्य करावें, आणि मांस, मासे, अंडीं, भाज्या, कंद, फळें व सुका मेवा यांवर रहावें, असा तिचा विधिनिषेध आहे. ज्या मध्यमवर्गीय घरांतून हा प्रयोग सुरू होतो, तेथें थोड्याच दिवसांत दोन तक्रारी ऐकूं येतात. पहिली, रोज तेंच तें खाऊन जीव विटतो. दुसरी, महिन्याचा खर्च पेलवत नाहीं. या तक्रारींचा विचार बहुधा स्वयंपाकाच्या अंगानें होतो. प्रस्तुत लेखांत तो इतिहासाच्या अंगानें करावयाचा आहे. धान्यावांचून पोट भरणें, आणि तें थोडक्या खर्चांत व रुचिपालट करून भरणें, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. तो कधीं धर्माच्या नांवानें आला, कधीं दुष्काळाच्या रूपानें आला, आणि त्याचीं उत्तरेंही येथल्या लोकांनीं वेळोवेळीं शोधून ठेविलीं आहेत.

या विचारासाठीं एक विशिष्ट ठिकाण डोळ्यांपुढें ठेवलेलें बरें. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांतील रोहिणखेड हें तें ठिकाण. इतिहासाच्या पुस्तकांत हें गांव येतें तें दोन लढायांमुळें. इ. स. १४३७ मध्यें खानदेशचा नासीरखान फारुकी वऱ्हाडावर चालून आला, तेव्हां बहामनी सेनापति खलफ हसन बसरी यानें येथेंच त्याचा पराभव केला व त्याला बऱ्हाणपुरापर्यंत मागें रेटलें. पुढें सुमारें दीडशें वर्षांनीं अहमदनगरच्या गादीचा निकाल लावणारी बुऱ्हाण निजामशहा व जमालखान यांची लढाई येथेंच होऊन तींत जमालखान पडला. खुदावंदखान महदवी यानें १५८२ सालीं बांधलेली येथली मशीद प्रसिद्ध आहे. एवढ्याशा गांवाच्या वांट्यास इतका इतिहास येण्याचें कारण त्याच्या जागेंत आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशीं, घाट चढणाऱ्या वाटेच्या तोंडाशीं तें वसलेलें आहे. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी कसदार जमीन, दक्षिणेस बालाघाटाचा झाडीचा चढ. सेनापतीच्या दृष्टीनें ही अडवणुकीची जागा. परंतु पोटाच्या दृष्टीनें पाहिलें तर ती दोन कोठारांमधला उंबरठा आहे. एक कोठार नांगराचें, दुसरें रानाचें, आणि येथल्या माणसाला दोन्ही पायींच गांठतां येत. धान्य खाणारा मनुष्य आणि रान खाणारा मनुष्य हे जगाच्या इतिहासांत एकामागून एक आले असें आपण शिकतों. घाटाच्या पायथ्याशीं ते शतकानुशतकें शेजारीं राहिले, व पुष्कळदां एकाच माणसांत नांदले.

आतां या नव्या मताचा पूर्वेतिहास थोडक्यांत पाहूं. १९७५ सालीं वॉल्टर व्होएग्टलिन या अमेरिकन डॉक्टरानें अश्मयुगीन आहाराची तरफदारी करणारें पुस्तक लिहिलें. १९८५ मध्यें बॉइड ईटन व मेल्विन कॉनर यांनीं एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकांत त्याच विषयावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला, आणि २००२ मध्यें लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकानें हें मत घरोघर पोंचविलें. त्यांचा युक्तिवाद असा: मनुष्याचें शरीर लाखों वर्षें शिकार व वेंचणी यांवर घडलें, शेती अवघी दहा-बारा हजार वर्षांची, इतक्या अल्प अवधींत शरीर धान्यास पुरतें सरावलेलें नाहीं. साखर, मैदा व डब्यांतले पदार्थ यांविषयींचा त्यांचा इशारा कोणीही सुज्ञ मनुष्य मान्य करील. परंतु 'अश्मयुगांतला मनुष्य' असा कोणी एक नव्हता. ध्रुवाजवळचे लोक सीलच्या चरबीवर जगत. उलटपक्षीं, आफ्रिकेंतील कलहारी वाळवंटांतल्या कुंग लोकांचा रिचर्ड ली यांनीं १९६० नंतरच्या दशकांत अभ्यास केला, तेव्हां त्यांच्या अन्नाचा अर्ध्याहून अधिक भाग वनस्पतींचा असून शंभरांहून अधिक खाद्य वनस्पति ते ओळखत, असें आढळलें. एवढेंच नव्हे, तर धान्यही अगदींच अपरिचित नव्हतें. गॅलिलीच्या सरोवरांकाठीं तेवीस हजार वर्षांपूर्वीं रानटी सातू व गहूं दगडावर भरडीत असल्याचा पुरावा सांपडला आहे, आणि जॉर्डनमध्यें शेतीच्या कित्येक सहस्रकें आधींच्या चुलींत भाकरीचे जळके तुकडे मिळाले आहेत. त्या मनुष्याचा खरा गुण म्हणून सांगावयाचा तर तो वर्ज्यावर्ज्याचा नसून संख्येचा आहे. त्याच्या अन्नाची यादी फार लांब होती.

आपल्या डोंगरापुरतें बोलावयाचें तर हा मनुष्य आपणांस अपरिचित नाहीं. अजिंठा-सातमाळ्याच्या याच रांगेच्या पायथ्याशीं, पश्चिमेस चाळीसगांवाजवळ पाटणें येथें एस्. ए. साळी यांनीं केलेल्या उत्खननांत सुमारें पंचवीस हजार वर्षांपूर्वींचीं दगडी हत्यारें, व त्यांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला. ज्या प्रदेशांत आज कपाशी व केळी दिसतात, तेथें त्या काळीं शहामृग चरत होते, म्हणजे मोकळें गवताळ रान होतें. भोपाळच्या दक्षिणेस भीमबेटका येथील शैलाश्रय विष्णु श्रीधर वाकणकर यांनीं १९५७ सालीं प्रकाशांत आणले. त्यांच्या भिंतींवरील चित्रांत हरणांच्या शिकारीबरोबर मधाचीं पोळीं काढणारे व फळें गोळा करणारे लोक आहेत. शिकारीचें चित्र पहाणाऱ्याच्या मनावर अधिक ठसतें. पण रोजच्या रोज चूल ज्यावर पेटली, तें बहुधा टोपलींत वेंचून आणलेलें होतें.

मग नांगर आला. पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८२ या काळांत जें उत्खनन केलें, त्यानें या स्थित्यंतराचें चित्र फार स्पष्ट झालें आहे. ख्रिस्तपूर्व सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत येथें वस्ती होती. हे लोक सातू, गहूं, मसूर, कुळीथ पिकवीत, गुरें पाळीत, आणि त्याबरोबर हरणाची शिकार, मासे व रानचीं बोरें यांनाही अंतर देत नसत. मुखियाच्या घराशेजारीं धान्याचें कोठार सांपडलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जेथें सांठा, तेथें सत्ता. पुढें ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमारास हवामान कोरडें झालें; ऐसपैस चौकोनी घरें जाऊन त्यांच्या जागीं लहान वाटोळ्या झोंपड्या आल्या, शेती आटली आणि लोक पुन्हां शिकार व भटकंती यांकडे वळले, असा या स्थळाचे संशोधक म. के. ढवळीकर यांनीं निष्कर्ष काढला. अश्मयुगाकडे परत जाण्याचा हा आपल्याकडील सर्वांत जुना ज्ञात प्रयोग म्हणावा लागेल. तो हौसेनें झालेला नव्हता. तथापि त्यावरून एक गोष्ट सिद्ध होते: शेती शिकल्यानंतरही या लोकांनीं रानाची विद्या टाकून दिली नव्हती, आणि पाऊस रुसला तेव्हां तिनेंच त्यांना तारलें.

ही विद्या पुढें धर्मानें जपली. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत वानप्रस्थाच्या आहाराचे नियम आहेत, ते या दृष्टीनें मुद्दाम पहावेत. नांगरलेल्या जमिनींत उगवलेलें अन्न त्यानें खाऊं नये, कोणी टाकून दिलेलें असलें तरीही खाऊं नये. शाक, मूळ व फळ यांवर त्यानें रहावें. दगडानें कुटून खाणारा तो अश्मकुट्ट आणि दांतांचेंच उखळ करणारा तो दंतोलूखलिक, असे प्रकारही तेथें सांगितले आहेत. त्यांतला अश्मकुट्ट हा शब्द आजच्या 'पॅलिओ'ला मराठींत सहज चालण्याजोगा आहे. त्यापुढचा नियम मात्र अधिक मार्मिक आहे. अन्नाचा सांठा एका दिवसापुरता करावा, किंवा महिन्यापुरता, किंवा सहा महिन्यांचा, किंवा फार तर वर्षाचा. आणि आश्विन महिन्यांत जुनें सांठवलेलें मुनिअन्न टाकून द्यावें. नांगर सोडणें आणि कोठार सोडणें या दोन गोष्टी स्मृतिकारांनीं एकत्र सांगितल्या, कारण व्यवहारांत त्या एकमेकींपासून निराळ्या होत नाहींत.

हाच वानप्रस्थाचा नियम वर्षांतून एक दिवस आपल्या घरांतून चालू राहिला तो स्त्रियांमुळें. भाद्रपद शुद्ध पंचमीस, ऋषिपंचमीच्या दिवशीं, बैलाच्या श्रमाचें कांहीं खावयाचें नाहीं, असा दंडक आहे. त्या दिवशीं जी ऋषीची भाजी होते, तींत अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, पडवळ, काकडी, लाल भोपळा, सुरण, रताळें, अंबाडी, मक्याचें कणीस, असें जें परसांत वा कुंपणावर हातानें लावलेलें असेल तें सर्व एकत्र शिजतें. फोडणीचा थाट नाहीं, मसाल्याचा आधार नाहीं. आणि तरीही तिची चव वर्षभर आठवते, ती एका पातेल्यांत दहा-बारा चवी उतरतात म्हणून. पॅलिओचा अवलंब करूं इच्छिणाऱ्या गृहिणीला दुसऱ्या पाकशास्त्राची गरज पडूं नये, इतकें हें एक पक्वान्न पूर्ण आहे. कणीस तेवढें वगळलें म्हणजे झालें. त्यांतला अर्थशास्त्राचा भागही स्पष्ट आहे. ज्या घरीं परस होतें, त्या घरीं ही भाजी फुकट होत असे. आज शहरांत त्या एका दिवसासाठीं अळू व सुरण यांचे भाव चढतात, आणि वर्षांतलें सर्वांत साधें अन्न सर्वांत महाग पडतें.

उपवासाच्या फराळाची कथा याच्या उलट आहे. तोही धान्यावांचूनचा आहार, पण त्यांतला बटाटा, रताळें, शेंगदाणा आणि मिरची हीं सर्व अमेरिका खंडांतून गेल्या चार-पांच शतकांत आपल्याकडे आलीं. साबुदाणा तर ब्राझीलकडच्या कंदाचा असून तामिळनाडूंतील सेलम भागांत त्याचे कारखाने विसाव्या शतकांत निघाले. म्हणजे जें आपण सनातन समजून खातों, त्याचा मोठा भाग पोर्तुगीजांच्या गलबतांनंतरचा आहे. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. बंधन प्राचीन आणि वस्तु नवी, अशी तडजोड प्रत्येक पिढीनें केली आहे. मात्र तिचा परिणाम लक्षांत घ्यावा. फराळांत रान गेलें व बाजार आला, आणि पदार्थांची संख्या इतकी थोडी झाली कीं, आषाढी-कार्तिकीला घरोघर तीच खिचडी शिजूं लागली. सध्यांच्या पॅलिओ प्रयोगांचें हेंच होत आहे. परदेशी बदाम, ऑलिव्हचें तेल, ॲव्होकाडो आणि कोंबडीचें मांस एवढ्या चार-पांच वस्तूंभोंवतीं तो फिरत रहातो. त्यामुळें तो महाग होतो, आणि त्यामुळेंच कंटाळवाणाही होतो. या दोन्ही तक्रारींचें मूळ एकच आहे.

येथें धान्याची बाजूही न्यायानें मांडली पाहिजे. धान्य जिंकलें तें चवीवर नव्हे, तर तें टिकतें, मोजतां येतें व वाहून नेतां येतें, या गुणांवर. घाटाच्या वाटांनीं बंजाऱ्यांचे तांडे हजारों बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वहात, आणि मोठमोठ्या फौजा त्यांच्या भरंवशावर चालत. रोहिणखेडास ज्या सेना भिडल्या, त्यांना कंदमुळांवर पोसणें कोणाही सेनापतीस शक्य नव्हतें. आजही हें गणित बदललेलें नाहीं. सामान्य कष्टाच्या माणसाला दिवसास दोन हजारांवर उष्मांक लागतात. चारशें ग्रॅम ज्वारींतून त्यांपैकीं सुमारें १,३५० मिळतात. तेवढेच उष्मांक रताळ्यांतून घ्यावयाचे तर सव्वा किलो रताळीं लागतील. अंड्यांतून घ्यावयाचे तर अठरा-एकोणीस अंडीं. पालेभाजींतून घेऊं म्हटलें तर चार किलोंहून अधिक भाजी, जी कोणाच्यानेंही खाववणार नाहीं. शिवाय सरकारी रास्त भावाच्या दुकानांतून २०२३ च्या जानेवारीपासून पात्र कुटुंबांना माणशीं पांच किलो धान्य महिन्याला मोफत मिळतें. ज्या घराचा महिना या धान्यावर निभतो, त्या घराला 'धान्य सोडा' असा उपदेश करणें म्हणजे थट्टाच होईल. हा आहार ज्याला सोडण्याइतकें धान्य आहे, त्याच्यासाठीं आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

मग रानाचें कोठार स्वस्त होतें तें कोणत्या अर्थानें? याचें उत्तर वऱ्हाडच्या अलीकडच्या इतिहासांत आहे. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत तिकडचा कापूस बंद पडून वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ त मुंबईहून नागपुरापर्यंत आगगाडी झाली, आणि १८७० त खामगांवला तिचा फांटा गेला. काळी जमीन कपाशीनें झपाट्यानें व्यापली. त्याच सुमारास डोंगरांवरच्या झाडींत राखीव जंगलांच्या हद्दी आंखल्या गेल्या. ज्या रानांत पूर्वीं कोणी विचारीत नसे, तेथें जाण्यास परवाना लागूं लागला. एकीकडे शेतांतलें धान्य कमी झालें, दुसरीकडे रानाचें दार अर्धें लागलें. १८९९-१९०० सालीं पाऊस गेला तेव्हां या प्रांतानें भयंकर दुष्काळ भोगला. कापूस विकून ज्वारी घेणाऱ्या माणसाजवळ त्या सालीं कापूसही नव्हता आणि ज्वारीही परवडत नव्हती. दुष्काळांत लोकांनीं पाला, कंद व बिया खाल्ल्या, आणि तेव्हांपासून या अन्नाला 'दुष्काळी' असा डाग लागला. सुकाळांत जें रुचिपालटासाठीं खाल्लें जाई, तें आतां गरिबीची खूण ठरलें. ज्याला जमेल त्यानें तें सोडलें.

तरीही तें नष्ट झालें नाहीं. घाटाखालच्या गांवांतून ऋतूंचा हा फेरा अजून चालू आहे. मृगाच्या पहिल्या सरींनंतर बांधावर तरोटा, केना व कुंजरा उगवतो. कोवळा असतांनाच खुडून कांदा-लसणीवर परतावा लागतो, आठवडा गेला कीं तो राठ होतो. ओलाव्याला घोळ व चिवळ मिळते, तिच्या आंबुस चवीला दुसरी भाजी नाहीं. श्रावणांत काटवल येतें, ज्याला इतरत्र करटोली म्हणतात, आणि बांबूचे कोंब. आश्विन-कार्तिकांत सीताफळ व आवळा, थंडींत बोरें, कवठ, हादग्याचीं फुलें व रताळीं. माघ-फाल्गुनांत शेवग्याला आधीं फुलें व मग शेंगा लागतात. पाला तर जवळजवळ बारमाही. वैशाखांत मोहाचीं फुलें, टेंभरें, चारोळी. नळगंगा व विश्वगंगा या नद्या घाटांतून उतरून पूर्णेस मिळतात. त्यांच्या पाण्यांत पावसाळ्यानंतर झिंगे व लहान मासे. या यादींत एकही वस्तु वर्षभर मिळत नाहीं, आणि नेमकें तेंच तिचें बलस्थान आहे. पालट करण्यासाठीं कोणाला डोकें चालवावें लागत नाहीं. महिना बदलला कीं ताट बदलतें.

शहरांतल्या गृहिणीला हें सर्व जसेंच्या तसें साधणार नाहीं. पण यांतलें तत्त्व उचलतां येतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अन्नाचे बारा वर्ग केले आहेत. त्यांतून शूकधान्य, शमीधान्य, गोरस, इक्षुविकार व मद्य वगळलें, तरी मांस, शाक, फळ, हरित आणि आहारयोगी हे वर्ग उरतात. हरितवर्ग म्हणजे आलें, मुळा, कांदा, लसूण यांसारखे कच्चे खाण्याचे पदार्थ. आहारयोगी म्हणजे तेलें व मसाले. या शेवटच्या दोन वर्गांवर खर्च अत्यल्प होतो, आणि चवीचा सगळा पालट त्यांवरच अवलंबून असतो. वांगें एकच, त्याचें खानदेशी भरीत निराळें, चिंचेच्या कोळांतली भाजी निराळी, तिळाच्या कुटांतली निराळी. शेंगदाणा हा वनस्पतिशास्त्राप्रमाणें कडधान्यांतच मोडतो, म्हणून या पद्धतींत तो बसत नाहीं, हें ऐकून मराठी घरांत धक्का बसतो. परंतु तीळ, जवस, कारळे, ओलें-सुकें खोबरें आणि भोपळ्याच्या बिया या परदेशी बदामांच्या मानानें पुष्कळ स्वस्त आहेत, आणि वऱ्हाडांत जवसाच्या चटणीवांचून ताट पुरें होत नाहीं. पोटाला भर हवी तर सुरण, रताळें, अळकुड्या व लाल भोपळा यांची पाळी लावावी. आठवडी बाजारांतली सुकट व बोंबील भाजींत मूठभर घातले कीं त्यांच्या कांट्यांतून चुनाही मिळतो व चवही येते.

मांसाच्या बाबतींत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. म्हणून आज मांस म्हणजे खाटकाचें दुकान किंवा कोंबडीचा खुराडा. पण अश्मयुगांतला मनुष्य जनावराचा निवडक भाग खात नसे. काळीज, वजडी, पाया, हाडांतली चरबी, सर्व कांहीं उपयोगांत येई. ही काटकसर आपल्याकडे ज्यांनीं जिवंत ठेवली, त्यांना त्याच अन्नावरून हिणवलें गेलें. शेजारच्या मराठवाड्यांतील दलित कुटुंबांच्या चुलीची हकीकत शाहू पाटोळे यांनीं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकांत लिहून ठेविली आहे. रक्ती व वाळवलेल्या मांसाच्या चान्या तींत आहेत. आज हाडांचें सूप महागड्या उपाहारगृहांत 'आरोग्यदायी' म्हणून मिळतें. तें पितांना हें ज्ञान कोणाच्या घरचें, याची आठवण ठेवणें एवढी तरी कृतज्ञता असावी.

शाकाहारी कुटुंबांनीं मात्र हा मार्ग जपून धरावा. डाळ व दूध हींच ज्यांच्या प्रथिनांची मुख्य साधनें, त्यांनीं तीं दोन्ही एकदम सोडलीं आणि अंडींही वर्ज्य मानलीं, तर ताटांत भाजीवांचून फारसें कांहीं उरत नाहीं, आणि ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव पडते. अशांनीं मैदा, साखर व डब्यांतले पदार्थ सोडून डाळ-ताक ठेवलें, तर या मताचा बहुतेक लाभ पदरांत पडून तोटा टळेल. तशीच सावधगिरी रानाच्या बाबतींत. कडू कांद हा चिरून, राखेंत वा वाहत्या पाण्यांत ठेवून, अनेकदां उकळून मगच खाण्याजोगा होतो. बिब्ब्याची गोडंबी पौष्टिक, पण तिच्या वरच्या तेलानें अंग फुटतें. हें ज्ञान पुस्तकावरून येत नाहीं. घाटांतल्या भिल्ल, कोळी, निहाल यांच्या आणि निंदणीला जाणाऱ्या बायकांच्या हातांत तें आहे.

आणि खरा धोका येथेंच आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बुलढाणा जिल्ह्यांत सोयाबीनचें पीक पसरलें. निंदणीची मजुरी परवडत नाहीं म्हणून शेतकरी तणनाशक मारतो. तणाबरोबर तरोटा, केना व घोळही जळते. पूर्वीं मजूर बाई संध्याकाळीं घरीं जातांना ओट्यांत भाजी घेऊन जाई. आतां तिची मजुरीही गेली आणि भाजीही. तेंच तण शहरांत 'रानभाजी महोत्सवांत' जुड्या बांधून विकलें जातें. शहरांतल्या मागणीनें या भाज्यांना चार पैसे मिळूं लागले, हें चांगलेंच झालें. परंतु ज्या बांधावर त्या उगवतात तो बांध, आणि ज्या हाताला त्या ओळखतां येतात तो हात, हीं दोन्ही राहिलीं तरच पुढच्या वर्षीं जुडी बांधली जाईल. एकोणिसाव्या शतकांत रानाचें दार कायद्यानें अर्धें लागलें. राहिलेलें अर्धें आतां फवाऱ्यानें लागत आहे.

रोहिणखेडच्या लढायांत कोण जिंकलें व कोण हरलें, हें बखरकारांनीं लिहून ठेवलें. त्या दिवशीं गांवांत काय शिजलें होतें, तें कोणीं लिहिलें नाहीं. घाटाखालच्या माणसानें ज्वारीची भाकरी सोडली नाहीं आणि बांधावरचा पालाही सोडला नाहीं. एकीनें त्याचें वर्ष निभावलें, दुसऱ्यानें त्याचें ताट बदलत ठेवलें, आणि वाईट सालीं जीव वांचवला. ज्याला आज धान्य कमी करावयाचें आहे, त्यानें खुशाल करावें. पण त्याआधीं आपल्या गांवच्या बाजारांत आषाढांत कोणती भाजी येते, ती विकणारी बाई ती कोठून आणते, आणि ती शिजवावी कशी, हें तिलाच विचारावें. खर्चाचा व कंटाळ्याचा बराचसा प्रश्न त्या एका संभाषणांत सुटेल, आणि तिच्या ज्ञानाचेंही मोल होईल.